परहस्ते पाठविलेले फूल

फुलांचा व्यापार आपल्याकडे फार जुना आहे. परंतु परगावी असलेल्या माणसास तेथल्याच फूलवाल्याच्या हातून फुलांची भेट पोहोचविण्याचा प्रघात नवा आहे, आणि तो आता शहरांची वेस ओलांडून तालुक्याच्या गावांपर्यंत येऊन ठेपला आहे. प्रवरेच्या काठचे नेवासा हे असेच एक गाव. अहिल्यानगराहून, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगराहून, ते सुमारे ६० किलोमीटरांवर आहे. अशा गावातील फुलांचे दुकान म्हणजे मुख्यतः हारांचे दुकान. मोहिनीराजाच्या दर्शनास जाणाऱ्याने तेथे हार घ्यावा, लग्नघरच्या माणसाने मुंडावळ्या व वेण्या सांगून ठेवाव्या, दसऱ्यास झेंडू न्यावा, आणि कोणी वारले म्हणजे अपरात्रीही दार ठोठावून हार मागावा, हा त्या धंद्याचा पिढीजात क्रम. देव, नवरानवरी, पुढारी आणि प्रेत हे त्याचे चार ठरलेले धनी. घरी स्वस्थ बसलेल्या जिवंत माणसास, कोणताही समारंभ नसता, केवळ आठवण म्हणून फूल पाठवावे, ही गोष्ट त्या यादीत नव्हती.

आता ती आली आहे. पुण्यास नोकरी करणारा मुलगा किंवा सातासमुद्रापलीकडे राहणारी मुलगी आईच्या वाढदिवशी यंत्राच्या पडद्यावर एक चित्र निवडते, पैसे भरते, पत्ता देते, आणि चार शब्दांचा निरोप लिहिते. मधली एखादी पेढी ते काम नगरच्या किंवा नेवाशाच्याच फूलवाल्याकडे सोपविते, आणि सायंकाळच्या आत एक गुच्छ दारात उभा राहतो. ही युक्ती वाटते तितकी आजची नाही. १९१० साली अमेरिकेतील काही फूलविक्रेत्यांनी याच हेतूने एक संघ स्थापिला. एका गावच्या दुकानात पैसे भरावेत, त्या दुकानदाराने दुसऱ्या गावच्या दुकानदारास तारेने कळवावे, आणि त्याने आपल्या दुकानातील ताजी फुले त्या घरी नेऊन द्यावीत, अशी ती योजना. आपल्या देशातील तारसेवा २०१३ साली बंद झाली. परंतु योजनेचे तत्त्व आजही तेच आहे. फूल प्रवास करीत नाही, निरोप तेवढा प्रवास करतो.

येथेच एक नैतिक प्रश्न उभा राहतो, आणि तो आम्हांस क्षुल्लक वाटत नाही. जे फूल देणाऱ्याने लाविले नाही, खुडले नाही, गुंफले नाही, वाहून नेले नाही, इतकेच काय पण डोळ्यांनी पाहिलेही नाही, ते त्याची भेट कसे ठरते? एमर्सनने १८४४ साली प्रसिद्ध केलेल्या भेटीविषयीच्या आपल्या निबंधात असे मत मांडले आहे की, देणाऱ्याने स्वतःचा काही अंश दिला तरच ती खरी भेट. धनगराने आपले कोकरू द्यावे, शेतकऱ्याने आपले धान्य द्यावे, मुलीने स्वतः शिवलेला रुमाल द्यावा. दुकानातून विकत घेतलेल्या वस्तूस तो या मानाने थंड समजतो. ही कसोटी मान्य केली तर आमच्या उदाहरणातील मुलीने आईस काय दिले? पैसे दिले ते पेढीस. फूल दिले ते फूलवाल्याने. मग आईच्या वाट्यास मुलीचे असे काय आले?

हा आक्षेप जोरकस आहे. तथापि तो जसाच्या तसा मान्य करण्यापूर्वी आपण आपल्याच घराकडे पाहावे. पुण्यामुंबईच्या मध्यमवर्गीय वस्तीत सकाळी दाराच्या कडीला अडकविलेली फुलपुडी कोणास ठाऊक नाही? महिन्याचे पैसे दिले की झाले. पुडीत काय येईल हे पुडीवाल्यानेच ठरवावयाचे. तीच फुले आपण देवास 'मी वाहिली' असे म्हणतो, आणि त्यात कोणास खोटेपणा वाटत नाही. खेड्यापाड्यांतून गुरव घरोघरी बेलपत्री देई, आणि त्याबद्दल सुगीला त्याचे बलुते घेई. त्या बेलाने केलेली शिवपूजा गुरवाची ठरत नसे, घरधन्याचीच ठरे. म्हणजे पूजेसाठी दुसऱ्याचे हात उसने घेण्यास आपल्या परंपरेची ना नाही. मग ती कशास नाही म्हणते?

कोणत्याही धर्मकृत्याचा आरंभ पाहिला म्हणजे याचे उत्तर मिळते. मंत्र गुरुजी म्हणतात, उपचार पुष्कळदा तेच सांगतात व करवितात. पण प्रारंभी यजमानाने आचमन करावयाचे, देशकालाचा उच्चार व्हावयाचा, नाव व गोत्र सांगावयाचे, आणि हे कृत्य आपण कोणत्या हेतूने करीत आहो ते बोलून हातावरून पाणी सोडावयाचे. यजमान दूरगावी असला, त्याने पैसे पाठवून अभिषेक करविला, तरीही नाव, गोत्र आणि हेतू ही त्याच्याकडूनच यावी लागतात. ती गुरुजींनी कल्पून चालत नाही. यास आपण संकल्प म्हणतो. हात उसना चालतो, संकल्प उसना चालत नाही, हा यातील विवेक आहे. आम्हांस वाटते की, परहस्ते पाठविलेल्या फुलासही हीच कसोटी लावावी.

नेवाशाचे ज्या कारणाने महाराष्ट्रात नाव आहे ती घटनाही याच विवेकाची साक्ष देते. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, ज्ञानेश्वरांनी गीतेवरील आपली टीका येथे सांगितली. त्यांनी ती सांगितली. लिहून घेतली सच्चिदानंदबाबांनी. ज्या खांबाशी बसून ती सांगितली असे परंपरा मानते, तो पैस खांब आजही तेथे आहे. लेखणी दुसऱ्याच्या हाती होती म्हणून त्या ग्रंथाचे कर्तेपण कोणी सच्चिदानंदबाबांकडे नेत नाही. आणि लेखकाचे काम हलके होते असेही कोणी म्हणत नाही. बोलणाऱ्याचा शब्द शब्द त्याचाच होता, आणि लिहिणाऱ्याने तो आदराने उतरविला. परहस्ते झालेले कृत्य संपूर्णपणे आपले कसे राहते, याचे याहून मोठे उदाहरण आम्हांस शोधूनही सापडणार नाही.

पण या दाखल्याचा आधार घेऊन आजच्या गुच्छाचे सरसकट समर्थन करता येणार नाही. उलट, त्यामुळे मागणी अधिक कडक होते. पाठविणाऱ्याचे असे त्या गुच्छात एक निरोपच काय तो राहतो. आणि तोही पेढीने छापून ठेवलेल्या दहा-वीस तयार वाक्यांतून एक निवडून धाडला, तर राहिले काय? पुढे तर अशी सोय झाली आहे की, वर्षातील तारखा एकदा कळवून ठेवाव्या, म्हणजे त्या त्या दिवशी आठवण करून देण्याचे काम यंत्रच करते. दुसऱ्याने आठवण करून देण्यात स्वतः काही पाप नाही. आपल्या आजीने पंचांग पाहून 'उद्या मावशीचा वाढदिवस' असे सांगितलेच असते. परंतु आठवण यंत्राची, शब्द पेढीचे, निवड चित्राची आणि हात फूलवाल्याचे, असे झाले म्हणजे संकल्प कोणाचा हे सांगता येत नाही. तेव्हा आईच्या दाराशी जे येते ती भेट नसून एका हिशेबाची पावती असते.

दानाविषयी गीतेच्या सतराव्या अध्यायात जो विचार आहे तो येथे उपयोगी पडतो. देश, काल व पात्र पाहून, परतफेडीची अपेक्षा न ठेवता, द्यावयास हवे म्हणून दिलेले ते सात्त्विक; फेडीच्या आशेने किंवा कष्टी मनाने दिलेले ते राजस; आणि अवेळी, अस्थानी, अनादराने दिलेले ते तामस. आईस दिलेल्या फुलास दान हा शब्द लागू पडणार नाही, कारण तिचे आपण आधीच ऋणी असतो, आणि ऋणकोने धनकोस दान केले असे कोणी म्हणत नाही. पण देश, काल आणि पात्र हे तीन शब्द भेटीसही लागू पडतात, आणि दूरच्या माणसास नेमके तेच विसरावयास लावण्याचा गुण चित्रावरून केलेल्या निवडीत आहे. चित्रात ऑर्किड असते, लिली असते. ती नेवाशाच्या दुकानात रोज कोठून असणार? मग 'उपलब्धतेप्रमाणे फुले बदलतील' या बारीक अक्षरांतील वाक्याचा आधार घेऊन दुकानदार चार जरबेरा आणि गुलछडीच्या काड्या चकचकीत कागदात बांधतो. त्यात त्याचा दोष थोडा. न मिळणारे फूल कबूल केले ते दुसऱ्याने. त्याऐवजी पाठविणाऱ्याने त्या दुकानदारासच दूरध्वनी करून 'आज तुमच्याकडे ताजे काय आले आहे?' असे विचारले, तर आश्विनात शेवंती मिळेल, चैत्र-वैशाखात मोगरा मिळेल, आणि ती भेट त्या गावची व त्या ऋतूची होईल. विचारण्यास लागलेली ती पाच मिनिटे हाच त्या फुलांतील देणाऱ्याचा अंश होय. एमर्सनचा आग्रह एवढ्याने बराचसा पुरा होतो, असे आम्हांस वाटते.

पात्राचा विचार करू लागलो म्हणजे आणखी एक गोष्ट ध्यानात येते, आणि ती या नव्या प्रघाताच्या बाजूची आहे. आपल्या समाजात फूल हे सौभाग्याचे चिन्ह करून ठेविले. नवरा वारला त्या दिवशी बाईच्या केसांतील गजरा गेला, तो कायमचा. हळदीकुंकवाच्या ताटातील फूलही तिच्यापुढून नेले जाई. देवास वाहण्यापुरते ते तिच्या हाती राही; स्वतःसाठी नव्हे. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ साली विधवांविषयीच्या असल्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच वर्षी राज्यशासनाने इतर ग्रामपंचायतींनीही तसे करावे असे सुचविले. म्हणजे त्या प्रथा तोवर जिवंत होत्या हे उघड आहे. अशा एखाद्या वृद्ध बाईच्या हाती, तिच्याच नावाने आलेली फुले एखाद्या अनोळखी पोऱ्याने आणून ठेविली, तर ती विदेशी चाल म्हणून हसण्याची आम्हांस इच्छा होत नाही. ती त्यांतील एक काढून देवापुढे ठेवील, उरलेली पाण्यात घालील, आणि शेजारीण आली म्हणजे 'मुलीने पाठविली' असे म्हणेल. ज्या गोष्टीवरचा तिचा हक्क रूढीने काढून घेतला होता, ती तिला कोणताही वाद न घालता परत मिळाली. हे फूलवाल्याच्या हातून झाले म्हणून त्याचे मोल उणे होत नाही.

आता राहिला सर्वांत मोठा आक्षेप. पुष्कळ सज्जन म्हणतात, फुलांवर पैसे घालविण्यापेक्षा औषधे पाठवा, आणि त्याहून बरे म्हणजे स्वतः या. यातील पहिला भाग आम्हांस मान्य नाही, दुसरा मात्र पूर्णपणे मान्य आहे. औषध हे देणे आहे. त्याची तुलना भेटीशी करू नये. आपल्याकडे लग्नातील आहेर वहीत टिपून ठेवतात, कारण तो पुढे त्या घरी परत करावयाचा असतो. देणे, घेणे आणि परत करणे या तिन्ही गोष्टी समाजात बंधनासारख्या चालतात, असे फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मोस याने १९२५ साली आपल्या प्रबंधात दाखविले. ती वही पाहून त्याला आनंदच झाला असता. फूल त्या वहीत बसत नाही. तिसऱ्या दिवशी ते सुकते. ते साठविता येत नाही, विकता येत नाही, तेच पुढे दुसऱ्यास आहेर म्हणूनही देता येत नाही. त्याचा उपयोग नाही हाच त्याचा उपयोग आहे: घेणाऱ्यावर ओझे न टाकता 'तुझी आठवण झाली' एवढेच ते सांगते. 'फूल ना फुलाची पाकळी' हा आपला वाक्प्रचार याच जाणिवेतून आला असावा.

परंतु नेमके याच कारणाने फुलाने ऋण फिटत नाही. ज्याने वर्षभरात आईचा आवाज ऐकला नाही, तिच्या डोळ्यांचे काय झाले हे विचारले नाही, येतो म्हणून तीन दिवाळ्या टाळल्या, त्याचा सुंदर गुच्छ पाहून आईचे मन भरून येईलही. आया उदार असतात. पण तिने क्षमा केली म्हणून हिशेब चुकता झाला असे मुलाने समजू नये. आधी जे देणे आहे ते द्यावे, मग भेट द्यावी. भेट पुढे करून देणे मागे ढकलणे ही नीती नव्हे. जो भेटावयास जातो, पत्र लिहितो, विचारपूस करितो, आणि मधल्या एखाद्या दिवशी जाणे शक्य नाही म्हणून फूल धाडतो, त्याच्या फुलामागे संकल्प आहे. जो जाण्याऐवजी ते धाडतो, त्याने उसने हात घेतले आणि आपले हात बांधून ठेविले.

फूलवाल्यासंबंधी दोन शब्द सांगून आम्ही हा लेख पुरा करितो. लहान गावात तो निव्वळ मधला हस्तक राहत नाही. ज्या घरी गुच्छ न्यावयाचा ते घर बहुधा त्याच्या ओळखीचे असते. तेथल्या लग्नाचे हार त्यानेच गुंफलेले असतात, आणि शेवटचा हारही त्याच्याच दुकानातून गेलेला असतो. दूरच्या मुलाचा निरोप चिठ्ठीवर उतरविताना त्याने अक्षर जरा नीट काढावे, शिळे फूल आत दडवू नये, आणि दाराशी ठेवून परत न फिरता घरच्या माणसाच्या हाती द्यावे. त्याला मिळणाऱ्या मोबदल्यात यातील फारच थोडे मोजलेले असते, हे आम्ही जाणतो. मधल्या पेढीचा वाटा गेल्यावर उरते ते बेताचेच. म्हणूनच पाठविणाऱ्याने शक्य तेथे त्याच्याशी थेट व्यवहार करावा, आणि पुढच्या वेळी गावी जाईल तेव्हा त्याच्या दुकानावरून जाताना दोन मिनिटे थांबावे. आपले हात म्हणून ज्याचे हात घेतले, त्याची ओळख असणे बरे.