कुळाची वही

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥



मी कीर्तनकार नव्हे, शास्त्रीही नव्हे. बी.कॉम. होऊन बँकेत लागलो, छत्तीस वर्षे काउंटरवर बसलो आणि कारकून म्हणूनच निवृत्त झालो. मार्गशीर्षातले श्रीगुरुचरित्राचे सप्ताह-पारायण मात्र श्रीगुरुकृपेने तीस वर्षे चुकले नाही. यंदा अंकासाठी चार शब्द लिहा असा आग्रह झाला, तेव्हा पोथीने मला जे शिकविले आणि ते शिकायला मी किती उशीर केला, तेवढेच सांगतो.

वैशाख शुद्ध तृतीया म्हणजे आपली आखिती. वसंत ऋतू, आंबा पाडाला आलेला, ऊन मी म्हणत असते. त्या दिवशी मातीची केळी पाण्याने भरून पितरांच्या नावाने पूजायची, आणि पितरांना दाखविल्यावाचून आंबा तोंडाला लावायचा नाही, हा नेम जुन्या घरांतून अजून पाळतात. आमचे गाव गंगाखेडच्या बाजूला, गोदाकाठी. परभणी, नांदेड, पुणे अशी पांगलेली आमची बिऱ्हाडे वर्षातून त्या एका दिवशी गावच्या वाड्यात जमतात. पुरणपोळी, आमरस, कुरडया, पोराबाळांचा गलका. हा आमचा कुळाचार.

तर्पणाला बसले की गुरुजी तीन पिढ्यांची नावे विचारतात. वडील वसुरूप, आजोबा रुद्ररूप, पणजोबा आदित्यरूप. तशीच आई, आजी, पणजी. आठ वर्षांपूर्वीच्या आखितीला गुरुजींनी पणजीचे नाव विचारले आणि आम्ही सगळे कर्ते पुरुष एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागलो. शेवटी मोठ्या काकांना आठवले. ते त्या वेळी ऐंशीच्या घरात होते. त्यांनाही आठवले नसते तर?

बँकेत मी वर्षानुवर्षे एक काम केले. ज्या खात्यात दहा वर्षे उलाढाल नाही, ज्या पैशावर कोणी हक्क सांगत नाही, अशा खात्यांच्या याद्या काढायच्या. २०१४ पासून असा पैसा रिझर्व्ह बँकेच्या 'ठेवीदार शिक्षण आणि जागरूकता निधी'त जमा होतो. पुढे कधीही खरा वारस कागदपत्रे घेऊन आला तर त्याला तो परत मिळतो. पण घरातल्या आठवणींसाठी असा कोणताही निधी नाही. जाणते माणूस गेले की खाते बंद. वारस दारात उभा, पण द्यायला काही उरलेले नाही.

म्हणून दोनशे पानांची एक वही आणली आणि काकांजवळ बसून लिहू लागलो. आजोबा निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकलेले. १९४८ च्या १७ सप्टेंबरला संस्थान मुक्त झाले तेव्हा ते ऐन चाळिशीत होते. शेताचे जुने कागद उर्दूत. ते एका जाणकाराकडून वाचून घेतले. आजोबांनी मळ्यात बांधलेली विहीर हा आमच्या घराचा अभिमान. १९७२ च्या दुष्काळात गावातल्या विहिरींनी तळ गाठला, तेव्हाही तिला पाणी होते. आजोबांनी ती स्वकष्टाच्या पैशाने बांधली असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. मीही तसेच लिहिले.

आता खरी गोष्ट सांगतो. आजोबांची एक धाकटी बहीण होती. तिला सगळे आक्का म्हणत. लहानपणीच विधवा होऊन ती माहेरी परत आली आणि जन्मभर त्या वाड्यात राबली. आमच्या वडिलांना आणि आम्हालाही तिनेच अंगाखांद्यावर खेळविले. आखितीचे सारे पुरण तिच्या हातचे. दुष्काळाच्या वर्षी मी चौदा वर्षांचा होतो. एके संध्याकाळी विहिरीच्या काठाशी बसून ती सहज बोलून गेली, "ह्या पाण्यात माझ्या पाटल्या हैत रे बाबा." मला वाटले, पाटल्या विहिरीत पडल्या असतील. पुढे मोठेपणी आईने अर्थ सांगितला. आजोबांनी आक्काच्या पाटल्या सावकाराकडे गहाण टाकल्या, त्या हाली शिक्क्याच्या रुपयांतून विहीर बांधली, आणि पाटल्या काही सुटल्या नाहीत. आक्का गेली तेव्हा तिच्या अंगावर गुंजभरही सोने नव्हते. वाड्यात भिंतीवर लावलेल्या वंशावळीत तिचे नाव नाही, कारण तीत फक्त पुरुष आहेत.

हे मला ठाऊक होते. तरी पहिल्या वर्षी वहीत लिहिले नाही. काकांना काय वाटेल, आजोबांच्या नावाला बट्टा लागेल, ही भीती. काकांना एकदा आडून विचारले, तर ते म्हणाले, "झाकली मूठ राहू दे." मी लगेच मान डोलावली. बँकेत एकाचे पैसे दुसऱ्याच्या खात्यावर जमा झाले, तर उशिरा का होईना, दुरुस्तीची नोंद घातल्याशिवाय आम्ही घरी जात नसू. आणि इथे घरच्याच खात्यात चुकीची जमा दिसत असून मी खाली सही करून मोकळा झालो.

त्याच वर्षी मार्गशीर्षात पारायणाला बसलो. सज्जनहो, श्रीगुरुचरित्र लिहिणारे सरस्वती गंगाधर कोण, याचा आपण विचार केला आहे का? सायंदेवांचे पुत्र नागनाथ, त्यांचे देवराव, त्यांचे गंगाधर आणि गंगाधरांचे हे सरस्वती. म्हणजे श्रीनृसिंहसरस्वती स्वामी महाराजांचे शिष्य सायंदेव हे ग्रंथकर्त्याचे खापरपणजोबा. ग्रंथाच्या आरंभीच ते आपली पितृपरंपरा सांगतात आणि आईच्या कुळाचीही आठवण ठेवतात. एका परीने आपली पोथी ही खापरपणतवाने लिहिलेली घरची हकीकतही आहे.

आता त्या घरच्या हकीकतीत पूर्वज कसा दिसतो ते पाहा. चौदाव्या अध्यायात सायंदेव भ्यालेले आहेत. ज्याच्या चाकरीत आहेत तो क्रूर राजा आज आपला जीव घेणार, या भयाने ते श्रीगुरूंचे पाय धरतात. पुढे एकेचाळिसाव्या अध्यायात रात्रीच्या वादळपावसात श्रीगुरू त्यांना गाणगापुरातून विस्तव आणायला पाठवितात आणि बजावतात, वाटेत इकडेतिकडे पाहू नकोस. सायंदेव परतताना पाहतातच. दोन्ही बाजूंना दोन सर्प दिसतात आणि पुन्हा ते भयाने कापतात. मग कळते की ते सर्प श्रीगुरूंनीच रक्षणासाठी पाठविलेले होते.

हे सारे वर्षानुवर्षे वाचत होतो. त्या वर्षी पहिल्यांदा थांबलो. सरस्वती गंगाधरांना खापरपणजोबांचे भय झाकता आले नसते का? आज्ञा मोडल्याची गोष्ट गाळली असती, तर कोण विचारायला येणार होते? पण भय गाळले असते तर अभय कुठून दिसले असते? आज्ञा मोडली हे लिहिले नसते, तर चुकलेल्या भक्तालाही श्रीगुरू सांभाळतात हे आपल्याला कोणी सांगितले असते? ज्या चरित्रात पूर्वज कधी चुकतच नाही, त्यात श्रीगुरूंना यायला जागाच राहत नाही.

पारायणाची सांगता झाली त्याच रात्री वही काढली आणि आक्काचे पान लिहिले.

पुढच्या आखितीला जेवणे झाल्यावर ओसरीवर सगळे बसले असता ते पान मोठ्याने वाचले. हात कापत होते, खोटे कशाला सांगू. वाचून झाल्यावर कोणी बोलेना. काका डोळे मिटून बसले होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "पाटल्या दोन नव्हत्या रे. चार होत्या. दादांनी धोतराच्या सोग्यात बांधून नेल्या, मी बरोबर होतो. आठ वर्षांचा असेन. नीट लिही." मी तिथेच 'दोन' खोडून 'चार' केले. ती नोंद सांगण्यासाठी काका सत्तर वर्षे कोणाची तरी वाट पाहत होते असे मला वाटले. पुढच्या माघात ते गेले.

तर्पणाच्या शेवटी, आपल्या कुळात जन्मून निपुत्रिक गेलेल्यांसाठी वस्त्र पिळून पाणी सोडतात. त्या पाण्यात कोणाचे नाव नसते. आक्काला आम्ही इतकी वर्षे तेवढेच देत होतो. आता तिचे नाव वहीत आहे आणि आमच्या घरातली पोरे ते दर आखितीला वाचतात. आपल्या गंगाखेडची जनाबाई पंढरीला नामदेवरायांच्या घरी दासी म्हणून राहिली. घराण्याच्या वंशावळीत दासीला कोण जागा देतो? पण तिचे अभंग राहिले, म्हणून जनी राहिली. पाथरी तालुक्यातल्या गुंजेचे योगानंद सरस्वती महाराज, म्हणजे भक्तांचे गांडा महाराज, यांनीही आपले गुरू श्रीटेंबेस्वामींचे चरित्र ओवीबद्ध करून ठेवले. लिहून ठेवणे ही आपल्या संप्रदायातली सेवाच आहे. शास्त्राने देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण अशी तीन ऋणे सांगितली. पितरांविषयी खरे ते लिहिणे, याने शेवटच्या दोन्ही खात्यांत थोडी तरी भर पडते, असे माझी अल्पमती सांगते.

माझ्या वयाच्या मंडळींना हात जोडून विनंती आहे. आज दत्तजयंती, आखितीला सुमारे पाच महिने आहेत. एक वही आणा. घरात जे सर्वांत वृद्ध असेल त्याच्याजवळ आधी बसा; बाकीचे नंतर. कोणी सांगितले आणि कधी, ते प्रत्येक गोष्टीखाली लिहा. दोघांनी दोन तऱ्हांनी सांगितले तर दोन्ही लिहा. सासरी आलेल्या प्रत्येक बाईचे माहेरचे नाव आणि गाव लिहा. चूक सापडली तर शिव्याशाप न देता, पण झाकूनही न ठेवता लिहा. तिच्याशेजारीच कुठेतरी श्रीगुरूंनी कसे तारले तेही सापडेल. आमच्या विहिरीचे पाणी दुष्काळात अख्ख्या आळीने प्यायले. आक्काच्या पाटल्या अशा सत्कारणी लागल्या हे खरे, पण त्या तिच्या होत्या हेही तितकेच खरे. दोन्ही नोंदी घातल्या तेव्हा कुठे आमचा ताळा जमला.

॥ अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥