आतली रत्ने व बाहेरची रत्ने

व्यक्ती तितक्या प्रकृती, असे म्हणून अभिरुचीचा वाद मिटविण्याची आपली रीत आहे. परंतु तेवढ्याने तो खरोखरच मिटतो काय? आमच्या परिचयाचे दोन गृहस्थ आहेत, एक बारामतीचे व दुसरे इंदापूरचे. उसाने दोघांनाही हात दिला असून मूल्यवान घड्याळे जमविण्याचा छंदही दोघांस आहे. बारामतीकरांना तबकडीभोवती हिरेमाणके जडविलेली घड्याळे प्रिय. इंदापूरकरांना त्यांत निव्वळ श्रीमंतीचे प्रदर्शन दिसते. ‘वेळ पाहावयाची की हिरे?’ असे ते विचारतात. ‘वेळच पाहावयाची, तर इतके महाग घड्याळ घेता कशाला?’ हे बारामतीकरांचे उत्तर.

हे उत्तर आम्हांस बिनतोड वाटते. साधेपणासाठी लक्षावधी रुपये मोजणारा मनुष्य वैभवाचा त्याग करीत नाही. ते जाणत्यांनाच ओळखता यावे, एवढीच तजवीज करतो. शिवाय त्याच्याही घड्याळाच्या पोटात रत्नेच असतात! चक्रांच्या आसांची झीज होऊ नये म्हणून छिद्र पाडलेली माणके बसविण्याच्या युक्तीचे पेटंट फातियो या स्विस गणितज्ञाने 1704 साली लंडनमध्ये दोघा घड्याळजींसह मिळविले. पुढे 1902 साली व्हर्नयी या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने कृत्रिम माणिक करण्याची रीत जाहीर केली, आणि ही रत्ने सामान्यांच्या घड्याळांतही आली.

मग बाहेरचा अलंकार तेवढा त्याज्य काय? ज्या बारामतीत मोरोपंतांनी आपल्या आर्या यमकांनी मढविल्या, आणि अष्टोत्तरशत रामायणांत शब्दांचे नाना खेळ केले, तेथे तरी असे म्हणवत नाही. पंतांची यमके कोणास रुचतात, कोणास कृत्रिम वाटतात. त्यावरून वाचकाचे शील ठरत नाही. ते ठरते निराळ्याच ठिकाणी.

महाविद्यालयात असताना वडिलांनी दिलेले एचएमटीचे ‘जनता’ घड्याळ आमच्या मनगटावर असे. श्रीमंत सोबत्यांत बसताना आम्ही ते बाहीखाली लपवीत असू. वडिलांच्या ते ध्यानात आले होते. ते कधी बोलले नाहीत. पुढे आम्ही प्राध्यापक झालो आणि हिरेजडित घड्याळ दिसताच नाक मुरडू लागलो; यालाच आम्ही सुसंस्कृतपणा समजत होतो. वस्तुतः तेव्हाची लाज व नंतरची तुच्छता एकच होती: दोन्ही वेळा आम्ही घड्याळावरून माणूस जोखीत होतो. हे उमगले तेव्हा क्षमा मागावयास वडील राहिले नव्हते.

त्या घड्याळाच्या तबकडीवर ‘17 ज्युवेल्स’ ही अक्षरे आहेत. आम्ही ते आता उघड्या मनगटावर वापरतो. हिरे आम्हांस आजही आवडत नाहीत, आणि आवडावेत असा आग्रहही नाही. मात्र जी आवड टिकण्यासाठी दुसऱ्याचा उपहास करावा लागतो, ती अभिरुची नसून अहंकार होय, असे आमचे मत झाले आहे.