स्मरणाचे धोंडे

वचन : यहोशवा ४ : १-७



इस्राएल लोक यार्देन उतरून गेले, तेव्हां परमेश्वरानें नदीच्या पात्रांतून बारा धोंडे उचलून मुक्कामाच्या ठिकाणीं ठेवावयास सांगितलें, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. परंतु एक गोष्ट आपल्या ध्यानांत सहसा येत नाहीं. त्या दिवशीं त्यांपैकीं कोणीहि कांहीं विसरला नव्हता. पाण्यांतून निघालेली ती कोरडी वाट सर्वांच्या डोळ्यांपुढें होती. तरी धोंडे त्याच दिवशीं उचलले गेले. तहान लागल्यावर विहीर खणावयास बसूं नये, तसेंच स्मरण गेल्यावर स्मरणाची खूण करावयास बसूं नये.

ह्या वचनाकडे आमचें लक्ष लागण्यास आमचीच एक लाजिरवाणी चूक कारण झाली. आमच्या मंडळीचे एक वृद्ध बंधु पुष्कळ वर्षें खजिनदार होते. अर्पणाचा हिशेब एकदां चुकला, पुन्हां चुकला, आणि मग थैलीच सांपडेना. कुजबूज सुरू झाली. आम्हीं पाळक असून त्यांच्या घरीं जाऊन विचारपूस केली नाहीं. हिशेबाची वही मात्र मागून घेतली. चार आठवड्यांनीं ती थैली त्यांच्याच घरीं तांदळाच्या डब्यांत निघाली. एक रुपयाहि कमी नव्हता. तेव्हां त्यांची पत्नी म्हणाली, “पाळकसाहेब, वर्ष झालें, ह्यांस कांहीं आठवत नाहीं. लोक हंसतील म्हणून मी बोललें नाहीं.” त्या माउलीपुढें आमची मान खालीं गेली.

‘साठी बुद्धि नाठी’ ही म्हण आपण थट्टेनें वापरतों, पण तींत अन्याय आहे. सर्वच म्हाताऱ्यांची बुद्धि जात नाहीं. ज्यांची जाऊं लागते त्यांस मेंदूचा आजार असतो. त्याचा एक प्रकार अल्झायमर नांवाच्या जर्मन वैद्यानें १९०६ सालीं प्रथम मांडला. आपल्या देशांत साठीच्या पुढील शंभरांत सातांहून अधिकांस स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे एकंदर सुमारें ८८ लक्ष, असा अंदाज २०२३ सालीं प्रसिद्ध झाला. मात्र प्रत्येक विसर हा स्मृतिभ्रंश नव्हे. थायरॉइडचा विकार, ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, मनाची उदासी किंवा एखादें औषध ह्यांनींहि विसर पडतो, आणि हीं कारणें पुष्कळदां दूर करितां येतात. म्हणून आधीं डॉक्टरकडे जावें. कित्येक ख्रिस्ती घरांतहि ‘बाहेरची बाधा’ म्हणून भगताकडे नेतात, हें आम्हीं पाहिलें आहे. प्रार्थना अवश्य करावी, पण दवाखान्याची वाट अडवून करूं नये.

गेलेली स्मृति पूर्ववत् करणारें औषध अद्याप नाहीं. परंतु आरंभींच्या काळांत माणूस नवी संवय लावून घेऊं शकतो, आणि येथेंच ते धोंडे उपयोगीं पडतात. आमच्या ह्या बंधूंच्या दाराशेजारीं एक फळा लाविला. त्यावर वार, तारीख आणि दिवसाचीं तीनच कामें. अधिक लिहिलें तर गोंधळ होतो. तें सारें ते स्वतःच्या हातानें लिहितात. चष्मा व किल्ल्या एकाच खुंटीवर. डब्यांवर मोठ्या अक्षरांत मीठ, साखर, चहा. गोळ्यांसाठीं सात वारांची सात खणांची डबी. मोबाइलमध्यें नांवांसोबत मुलांचीं छायाचित्रें. सदऱ्याच्या खिशांत नांव, गांव व मुलाचा नंबर लिहिलेलें कार्ड. रात्रीं शौचालयाच्या वाटेवर लहान दिवा. ह्यांत महाग असें काय आहे? देवानें इस्राएलास आज्ञा आठवाव्या म्हणून वस्त्राच्या गोंड्यांस निळी दोरी लावावयास सांगितली होती (गणना १५). दोरीची गरज लागणें ही लाज नव्हे.

बोलण्याविषयीं मात्र घरच्यांस फार जपावें लागतें. “आठवतें का? मी कोण सांगा,” अशी परीक्षा घेऊं नये, आपलें नांव आपणच सांगावें. आमचे बंधु कधीं कधीं विचारतात, “दादा बाजारांतून आला का?” दादा जाऊन वीस वर्षें झालीं. प्रत्येक वेळीं ‘ते वारले’ म्हटलें कीं ते नव्यानें रडतात. त्यांच्या पत्नीनें आम्हांस विचारलें, “मग खोटें बोलूं का?” ह्या प्रश्नानें आम्ही बरेच दिवस अस्वस्थ होतों. शेवटीं आम्हीं त्यांस म्हटलें, “खोटें बोलूं नका, आणि तें मरणहि रोज रोज सांगूं नका. दादांची आठवण येते का, असें विचारा.” आतां ते दादांच्या बैलजोडीची गोष्ट सांगतात, आणि ती खरी असते.

आणि त्या पत्नीचें काय? रफीदीम येथें मोशेचे हात जड झाले, तेव्हां त्यास बसावयास धोंडा दिला, आणि एका बाजूस अहरोन व दुसऱ्या बाजूस हूर असे दोघे जण सूर्य मावळेपर्यंत हात धरून राहिले (निर्गम १७). एकट्यानें तें झालें नसतें. आपल्या गांवांत मात्र एकटी सून किंवा एकटी म्हातारी अहोरात्र हात धरून बसते, आणि आपण रविवारीं तिला विचारतों, “उपासनेस कां आलां नाहीं?” आमच्या महिला मंडळाच्या बहिणी आतां मंगळवारीं व शुक्रवारीं दोन दोन तास त्या घरीं बसतात, तेवढ्या वेळांत ती माउली बाजार करिते, नाहीं तर नुसती झोंपते. तरुण संघाचे मुलगे सायंकाळीं त्यांस फिरावयास नेतात व जुनीं भजनें म्हणवितात. सकाळचें जेवण विसरणारे हे गृहस्थ टिळकांचीं भजनें पुस्तकावांचून म्हणतात. ज्या मंडळींत असें मनुष्यबळ नाहीं, तिनें वृद्धांसाठीं असलेल्या १४५६७ ह्या सरकारी क्रमांकावर विचारावें.

हिशेबाची वही आम्हीं त्यांस परत दिली नाहीं. तें त्यांच्यावर ओझें झालें असतें. सर्व मंडळीसमोर क्षमा मात्र मागितली, आणि उपासनेची घंटा त्यांच्या हातीं दिली. दोरीजवळ भिंतीवर त्यांच्याच अक्षरांत लिहिलें आहे : “रविवार. साडेआठ. तीन वेळां.” गेल्या रविवारीं ती पांच वेळां वाजली, आणि लोक नेहमींप्रमाणें आंत येऊन बसले.