आधी खाटलं सोड

'सर, प्रभूची माझ्यासाठी काय योजना आहे, तेच कळत नाही हो.'

किती वेळा ऐकू हे? उपासना सुटली की चपला पायात सरकवत तू हे म्हणतोस. चेहरा असा करतोस, की बघणाऱ्याला वाटावं पोरगा चाळीस दिवस उपाशी राहून आत्ताच रानातून परतलाय. रानातून कुठला! गादीवरून उठून आलेला असतोस. तेही शेवटचं गीत चालू असताना.

तुझ्या सबबी मला तोंडपाठ झाल्यात. 'प्रार्थनेत आहे, सर.' 'अजून पाचारण आलं नाही.' 'दार उघडलं की जाईन.' 'नोकरीत कायम होऊ द्या आधी.' असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी, ही म्हण तू माझ्याच वर्गात शिकलास. तेव्हा त्या आळशाला खदाखदा हसला होतास. आता हरीच्या जागी प्रभूचं नाव घातलंस, एवढाच काय तो फरक. खाटलं तेच.

शास्त्र तुला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. वचनांच्या स्पर्धेत बक्षिसं मारलीस. मग मत्तयाचा पंचविसावा अध्याय कसा विसरलास? मालकाचा पैसा जमिनीत पुरून ठेवणारा तो दास चोर होता का? नव्हता. पैसा दारूत उडवला नाही, जुगारात घालवला नाही. जसाच्या तसा आणून समोर ठेवला. आणि वर काय म्हणाला? तुम्ही पडलात कडक, म्हणून मला भीती वाटली. म्हणजे चूक मालकाची! तू वेगळं काय करतोस? स्वतः उठायचं नाही आणि प्रभू बोलत नाही म्हणून गाऱ्हाणं सांगायचं. 'मी कुणाचं वाईट तर केलं नाही ना?' हे तुझं आणखी एक लाडकं वाक्य. त्या दासानंही वाईट केलं नव्हतं. त्यानं काहीच केलं नव्हतं, आणि बाहेरच्या अंधारात गेला तो त्यासाठीच.

ना. वा. टिळकांना 1893 साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशानं नवा करार दिला, ही गोष्ट तुला फार आवडते. तरुण संघात तीनदा सांगून झाली. आवडणारच. बसल्या जागी देव आला ना! पण टिळकांनी ते पुस्तक वाचायचा शब्द दिला आणि पाळला. मग प्रश्न काढले, झगडले, घरच्यांचा रोष पत्करला, आणि 1895 च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तोच नवा करार तुझ्या मोबाइलमध्ये फुकट पडलाय. कसारा लोकलमध्ये आटगाव ते ठाणे तुझा अंगठा कशावर फिरत असतो, ते मी बघत नाही असं वाटतं तुला?

आणि 'आयुष्याला अर्थच नाही' हे रडगाणं तर माझ्यासमोर लावूच नकोस. अर्थ विचारायचा खरा हक्क कुणाला होता सांगू? पंडिता रमाबाईंना. आईबाप दुष्काळात गेले. भावाबरोबर उपाशीतापाशी देश पायी तुडवला. कलकत्त्याच्या विद्वानांनी पंडिता म्हणून गौरवलं, आणि दोन वर्षांत, 1880 साली, तो भाऊही गेला. लग्न झालं. 1882 च्या फेब्रुवारीत नवरा पटकीनं गेला. वय 23, कडेवर दूधपितं पोर. तुझं काय गेलंय? प्रमोशन?

त्या बाईला देवाची ओढ कशानं लागली ते नीट वाच. 1883 साली त्या इंग्लंडला गेल्या. तिथल्या मठातल्या भगिनींनी त्यांना लंडनमधलं आपलं काम दाखवलं. जगानं वाया गेल्या म्हणून टाकलेल्या बायकांना त्या जोगिणी जवळ करत होत्या, माणसात आणत होत्या. रमाबाई चक्रावल्या. हे तुमच्याकडून कोण करवून घेतं, असं त्यांनी विचारलं. उत्तरादाखल एका भगिनीनं योहानाचा चौथा अध्याय उघडला, विहिरीवरच्या शोमरोनी बाईचा. म्हणजे आधी काम दिसलं, मग त्या कामामागचा ख्रिस्त. तुला उलटं हवंय. आधी ख्रिस्तानं येऊन सगळं समजावून सांगावं, नकाशा काढून द्यावा, प्रवासखर्च द्यावा. मग तू विचार करणार!

पुढचं तर आणखी झोंबेल. 1883 सालीच बाप्तिस्मा झाला, तरी बाई पुढे स्वतःच लिहून गेल्या की तेव्हा त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हता. तो उमगायला आणखी सुमारे आठ वर्षं लागली. आठ वर्षं! या काळात त्या काय करत होत्या? 'प्रार्थनेत' होत्या? अमेरिकेत गावोगाव फिरून बोलत होत्या. 1887 साली उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या हालांवर इंग्रजीत पुस्तक काढलं. विधवांसाठी पैसा उभा केला. 11 मार्च 1889 ला मुंबईत शारदा सदन उघडलं. मनात शंका होत्या, उत्तरं अर्धवट होती, तरी हात चालू होते. अर्थ मागाहून आला, काम करणाऱ्या बाईचा पत्ता शोधत.

बरं, कौतुक होत होतं म्हणशील, तर तेही नाही. इकडे 'केसरी' तुटून पडला होता, तिकडे चर्चवाल्यांना ही बाई फार प्रश्न विचारते म्हणून राग. दोन्हीकडून मार. तुला ग्रुपवर कुणी 'काय पाद्री' म्हटलं की दोन दिवस जेवण जात नाही.

1896-97 चा दुष्काळ पडला तेव्हा शारदा सदन नीट चाललं होतं. बसता आलं असतं. पण ज्या भुकेनं आईबाप नेले तीच समोर दिसली, आणि बाई मध्य प्रांतात जाऊन शेकडो मुली-बायका घेऊन आल्या. केडगावच्या माळावर विहिरी खणल्या, शेती केली, छापखाना घातला. छापखाना चालवायच्या त्याच मुली. आंधळ्यांसाठी वेगळं सदन काढलं. कान तर तरुणपणीच अधू झाले होते, तरी उतारवयात मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणलं. 1921 साली लेक मनोरमा गेली, एकुलती एक. तरी ते काम पुरं केलं आणि 5 एप्रिल 1922 ला डोळे मिटले. आणि तू मला सांगतोस, 'ठाण्याहून येईपर्यंत दमायला होतं, सर.'

आता योहानातल्या त्या विहिरीकडेच चल. भर दुपार, प्रभू चालून चालून थकलेला, आणि पाणी भरायला आलेली ती बाई. तिचं आयुष्य पार विस्कटलेलं. तिला त्यानं पहिल्यांदा काय म्हटलं? तुझ्या जीवनासाठी माझ्याकडे योजना आहे असं? प्यायला पाणी मागितलं. जिवंत पाण्याचं बोलणं नंतरचं. आधी तिच्याच हातचं साधं पाणी.

तुला या अध्यायाचा अर्थ मी सांगावा? शहापूर तालुक्यात जन्मलेल्याला? तानसाचं पाणी 1892 पासून मुंबईला जातंय. भातसाचंही जातं. आणि त्याच तालुक्यात एप्रिल-मे आला की पाड्यांवरच्या बाया टँकरमागे हंडे घेऊन पळतात. तू हे बघितलं नाहीस असं नाही. बघितलंस आणि रील केलीस! मागे गिटार, खाली जिवंत पाण्याचं वचन. त्यातल्या एकीचा तरी हंडा उचलून डोक्यावर दिलास का? टँकर कुठल्या वारी येतो, कुठला पाडा यादीतून सुटतो, पंचायतीत अर्ज कुणी लिहायचा, यातलं काय ठाऊक आहे तुला? अर्ज लिहायला पाचारण लागतं? पेन लागतं.

आणि गणित. तुझा हातखंडा. दिवाळी झाली की कातकऱ्यांची बिऱ्हाडं वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. पोरं आईबापांबरोबर. हजेरीपटावर नाव असतं, पोर नसतं. परत आलेलं पोर पाचवीत बसतं. त्याला 42 मधून 17 वजा करायला सांग. 35 लिहील. का? दोनातून सात जात नाहीत, म्हणून ते सातातून दोन काढतं. हातचा घ्यायचा असतो हे त्याला कुणी दाखवलेलंच नाही. चार संध्याकाळींचं काम आहे. जीवनाचा हेतू शोधायला बंगळुरूच्या शिबिराला जाऊन आलास, पैसे भरून. पाडा तुझ्या घरापासून सायकलच्या अंतरावर. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

एक बजावून ठेवतो. तिथे पत्रकं घेऊन जायचं नाही. पोराच्या देवाची चौकशी करायची नाही. फोटो काढायचे नाहीत. पोराला वजाबाकी आली पाहिजे, बस्स. तू हे का करतोस असं त्याच्या आईनं कधी विचारलं, तर तेव्हा खरं काय ते सांग. नाही विचारलं तर नाही.

ढ असतास तर मी एवढी जीभ झिजवली नसती. वर्गात तुझ्यासारखं चटकन समजणारं दुसरं पोर नव्हतं, म्हणून माझा जीव जळतो. कळत नाही असं तुझं काहीच नाही. तुला कळलंय, आणि कळलेलं करावं लागेल याची धास्ती वाटते म्हणून तू पुन्हा पुन्हा विचारत बसतोस. विचारत राहिलं की करावं लागत नाही, हे तू कधीच ओळखलंस.

शनिवारी तुला सुट्टी असते. साडेतीनला स्टेशनाबाहेर उभा राहा. पाड्यावरच्या समाजमंदिरात फळा आहे, खडू मी आणतो. मोबाइल घरी ठेव.