इतिहासाचे दुखरे पान

माकणीसारख्या गावातला विद्यार्थी बी.ए. झाला आणि म्हणाला, 'विद्यापीठात इतिहास घेऊन एम.ए. करतो', की घरातील वडीलधारी मंडळी गप्प होतात. दोन वर्षांचा खर्च, पुढे नेट-सेट, आणि त्यानंतरही नोकरीची शाश्वती नाही. कोरडवाहू शेतीवर जगणाऱ्या घराची ही चिंता आम्ही क्षुल्लक मानत नाही. परंतु भाकरीच्या या प्रश्नामागे दुसराही एक प्रश्न उभा असतो आणि तो नीतीचा आहे : अभ्यासाला विषय कोणता घ्यावा?

तेरणेच्या काठाने वर गेले की तेर लागते. प्राचीन तगर ते हेच. रोमन जगाशी त्याचा व्यापार होता. हा विषय अभिमानाचा. त्याने कोणाचे मन दुखावत नाही. पण १९४८ हे सालही याच जिल्ह्याचे आहे. रझाकारांचे अत्याचार आपण लहानपणापासून ऐकत आलो, आणि ते खरेच होते. सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर मुसलमानांवर जे ओढवले, त्याविषयी मात्र आपण क्वचितच बोललो. पंडित सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ पोहोचलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबादची, म्हणजे आजच्या धाराशिवची, गणना केली. संपूर्ण हैदराबाद संस्थानातील मृतांचा तिचा अंदाज २७ ते ४० हजारांचा होता. तो अहवाल अनेक दशके लोकांपुढे आला नाही.

आज नातवंडे शेजारी-शेजारी नांदत असताना जुनी जखम का उकरावी, असे कोणी विचारील. हा आक्षेप सद्भावनेतून येतो, म्हणून त्याला उत्तर दिले पाहिजे. ज्याच्या घरातले माणूस गेले, तो विसरलेला नसतो. तो केवळ बोलत नसतो. त्याच्या मौनाला आपण सलोखा समजतो. शिवाय ज्या दोषाचे नावच घेतले नाही, त्याची क्षमा कोण मागणार आणि कोण करणार?

मात्र हे पान उघडणाऱ्याने आधी स्वतःला तयार करावे. निजामी राजवटीचा कारभार उर्दूत चाले. ती लिपी शिकावी, हैदराबादच्या अभिलेखागारात बसावे, दोन्ही बाजूंचे दुःख एकाच तराजूत तोलावे. वृद्धांना विचारताना थांबायचे कोठे, हेही ओळखावे. एवढी तयारी नसेल, तर त्याने खुशाल तेरचा अभ्यास करावा; तोही मोलाचाच आहे. पण केवळ भीतीपोटी तेर निवडू नये, एवढेच आमचे मागणे.