चित्रात काय सोडायचं?

मागच्या हिवाळ्यात एका रविवारी आमचा चित्र काढणाऱ्यांचा ग्रुप वाईजवळच्या मेणवलीला गेला होता. नाना फडणवीसांच्या वाड्यामागचा कृष्णेकाठचा दगडी घाट 'स्वदेस' पाहिलेल्यांना आठवत असेल. सकाळी साडेसातला आम्ही पॅड उघडले. दहापर्यंत चित्र उरकायचं असतं, कारण नंतर सावल्या आखडतात आणि जे बघून बसलो ते समोर उरतच नाही.

माझ्या चित्रात पायऱ्या आल्या, देऊळ आलं, पाण्यातलं त्याचं प्रतिबिंब आलं. विजेची तार, काठाला अडकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या आणि कुजके हार आले नाहीत. कपडे धुणाऱ्या एक मावशी आल्या, लाल रंगाचे दोन फटकारे होऊन. निळ्या-हिरव्या चित्रात तेवढा लाल हवा होता. त्यांची साडी खरं तर राखाडी होती.

जाताना त्यांनी वाकून पाहिलं. "घाट लई सोच्छ केलास की गं. आमाला एवढा झाडायला दोन दिस लागत्यात." हसल्या आणि बादली उचलून गेल्या.

तो टोमणा नव्हता. तरी परतीच्या वाटेवर मला दुसरं काही सुचेना. मी खोटं चित्र काढलं होतं का?

समोरचं सगळं कागदावर मावत नाही, हे उघड आहे. जलरंगात तर सोडणं हेच निम्मं काम. जुन्या पद्धतीत पांढरा रंग वापरतच नाहीत. पाण्यावरची चमक म्हणजे न रंगवलेला कागद, आणि ती जागा आधी ठरवून राखावी लागते. तेव्हा सोडणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे.

पण ती चमक राखण्याआधी मी पाण्याकडे दहादा पाहिलं होतं. पिशव्यांकडे एकदाही नाही. मावशींकडे पाहिलं तेही लाल रंगाची जागा म्हणून. पाहून सोडणं हा निर्णय असतो. न पाहता सोडणं ही सवय. आणि सवय कागदापुरती राहत नाही. फोटोतला कोपरा क्रॉप करता करता सिग्नलवरचं माणूसही डोळ्यांतून क्रॉप व्हायला लागतं.

1841 मध्ये जॉन रँड या चित्रकाराने रंगाच्या धातूच्या ट्यूबचं पेटंट घेतलं आणि तैलरंग घेऊन उघड्यावर जाणं सोपं झालं. त्यानंतरच्या पिढीतल्या पिसारोने नदीकाठच्या कारखान्याची धुराडी रंगवली. मोनेने 1877 मध्ये सां-लाझार स्टेशनातला इंजिनांचा धूर रंगवला. प्रत्येक चित्रात धूर हवा असं नाही. पण त्यांनी धुराकडे पाहिलं होतं.

कुणी म्हणेल, सुंदर घाट पाहूनच लोक तो जपतील. शक्य आहे. मात्र आयता स्वच्छ घाट पाहणाऱ्याला तो कुणीतरी झाडतं, हे कधीच कळणार नाही.

पुढच्या वेळी मी पहिली वीस मिनिटं रंग उघडले नाहीत. पेन्सिलीने सगळं उतरवलं. मग तार सोडली, पिशव्याही सोडल्या. पायरीला टेकवलेला खराटा मात्र सोडवेना.