सायकल तर बंदच होती

तासगावजवळच्या एका वाडीत गौरी जन्मली. नाळ गळून पडली आणि बेंबीतून रक्त पाझरायला लागलं, ते थांबेना. रक्त गोठण्याच्या नेहमीच्या तपासण्या नॉर्मल. नमुना मुंबईला गेला तेव्हा निदान झालं: फॅक्टर तेरा नाही. वीस-तीस लाखांत एखाद्याला होणारा, आईबाप दोघांकडून दोष आला तरच होणारा आजार. इथे आई मामाच्याच घरात दिलेली. यात रक्ताची गाठ धरते, पण सिमेंटाशिवाय रचलेल्या विटांसारखी. जखम आज थांबते, उद्या पुन्हा वाहते.

त्यातल्या त्यात बरं एवढंच, की हा फॅक्टर अंगात बरेच दिवस टिकतो. महिन्याला क्रायो, म्हणजे दात्यांच्या रक्तातून काढलेला, हा फॅक्टर असलेला भाग, चढवला की भागतं. डॉक्टर म्हणाले, "शाळेत जाऊ दे, खेळू दे, फक्त डोक्याला मार लागला तर लगेच आणा."

वडिलांनी 'फक्त'च्या पुढचंच ऐकलं. पीटीचा तास बंद, सायकल बंद, विहीर बंद, सहल बंद, जत्रेतला पाळणा बंद. मायेपोटी माणूस किती कडक होतो, ते अशा घरांतच बघावं.

आठवीत गौरी मैत्रिणीच्या सायकलवर चोरून सायकल शिकली. एका संध्याकाळी बांधावरून घसरली, डोकं दगडावर आपटलं. टेंगूळ केसांखाली झाकलं. लगेच सांगायचं असतं, हे तिला पाठ होतं. तरी गप्प राहिली. दुसऱ्या रात्री डोकं ठणकायला लागलं, उलट्या सुरू झाल्या. मैत्रिणीनं रडत रडत खरं सांगितलं, म्हणून मिरजेला वेळेत पोचता आलं.

बरी झाल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "तेव्हाच का नाही बोललीस?"

"सायकल बंद केली असती."

"अगं, सायकल तर बंदच होती!" वडील म्हणाले.

"म्हणूनच तुम्हाला कळलं नाही," डॉक्टर म्हणाले.

वडील बराच वेळ काही बोलले नाहीत.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर वडिलांनी सायकल आणली, हेल्मेट आणलं. आजाराचं नाव, क्रायो आणि दवाखान्याचा नंबर लिहून कागद पीटीच्या सरांना दिला. गौरीला एकच अट घातली: पडलीस तर त्याच घटकेला सांगायचं, मी रागावणार नाही.

चारच दिवसांत ती कोपर खरचटून आली.

"डोकं?"

"नाही आपटलं."

वडिलांनी तोंडाशी आलेलं सगळं गिळलं आणि बर्फ आणायला आत गेले.